वाऱ्याला बाहेरचं दार

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)



विजेवर चालणारी कोणतीही वस्तू घ्या, थोड्या वेळानं ती गरम होते. मोबाइल खिशात तापतो. मिक्सर जरा जास्त चालला की वास येतो. उसाच्या रानात विहिरीवरची मोटर जळाली की शेतकऱ्याचा आठवडा वाया जातो. मोटर जळते म्हणजे काय होतं? बहुतेक वेळा आत तयार झालेली उष्णता जितक्या वेगानं बाहेर पडायला हवी तितक्या वेगानं पडत नाही. मग तारेवरचं वार्निश जळतं, तारा एकमेकींना चिकटतात आणि मोटर रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात जाते.

आज मी अशाच एका मोटरीबद्दल बोलणार आहे. पण ती विहिरीवरची नाही. मुठीत मावेल एवढी आहे आणि विमानात बसते. विमानही छोटंच. पंखांची लांबी दीड मीटरच्या आत, वजन सव्वा किलोच्या आसपास. जमिनीवर उभं राहून रिमोटनं उडवायचं. या विमानाला थंड ठेवण्यासाठी केलेला एक सात ग्रॅम वजनाचा भाग, हा माझा आजचा विषय.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. विमानाशी माझा संबंध आला तो भाच्यामुळे. तो मिरजेचा. वडिलांकडून त्याचं घर तंबोरे करणाऱ्यांचं. आजोबा अजून रोज सकाळी दुकानात येऊन बसतात. नातवानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि दुकानाच्या माळ्यावर विमानं करायला लागला. घरात कुरबुर होतीच. वडील म्हणायचे, हा पोरखेळ किती दिवस? तंबोऱ्याचा आवाज आता मोबाइलमधूनही येतो, गिऱ्हाईक कमी झालंय, त्यात एकुलता एक मुलगा माळ्यावर. त्यामुळे त्या सात ग्रॅमच्या वस्तूकडे घरातली सगळीच माणसं जरा रोखून बघत होती.

आधी हिशेब सांगतो. या विमानाची बॅटरी ११.१ व्होल्टची. पूर्ण जोरात मोटर ३० अँपिअर वीज खेचते. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला तर ३३३ वॉट होतात. यातली ढोबळमानानं चार हिस्से वीज पंखा फिरवते आणि पाचवा हिस्सा उष्णता होऊन आतच राहतो. म्हणजे साधारण ६५ वॉट. पूर्वी आपल्या घरात ६० वॉटचा पिवळा बल्ब असायचा. तो पेटवून जेवणाच्या डब्यात ठेवा आणि झाकण लावा. विमानाच्या नाकात नेमकं हेच चाललेलं असतं.

तिथे तीन नाजूक मंडळी शेजारी शेजारी बसलेली असतात. पहिली मोटर. तिच्यात निओडिमियमची चुंबकं असतात. साधारण प्रतीचं चुंबक ८० अंशांच्या पुढे गेलं की कायमचं अशक्त व्हायला लागतं. दुसरं, मोटरीचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट. मुलं त्याला ईएससी म्हणतात. ते फार तापलं की स्वतःला वाचवायला वीज कमी करतं किंवा तोडतं, आणि तेही हवेत असताना. तिसरी बॅटरी, लिथियम पॉलिमरची. तिला ६० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. ती फुगते आणि वाईट वेळ आली तर पेटते. उन्हाळ्यात आपल्याकडच्या माळावर गवत कसं असतं हे मी सांगायला नको. अशा गवतात पेटती बॅटरी पडली तर वणवा लागायला किती वेळ लागेल?

शिवाय थंड देशातल्या पुस्तकातला नुस्खा आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. तिकडे बाहेरची हवा १० अंश असेल तर ६० पर्यंत पोचायला ५० अंशांची मोकळीक आहे. सांगली-मिरजेत मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. उरले फक्त २०. आता साताऱ्याकडच्या डोंगरावर जावं तर तिथे गारवा आहे, पण हवा विरळ. ११०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी असते. विरळ हवा उष्णताही कमी वाहून नेते आणि पंख्यालाही कमी टेकू देते. म्हणजे सांगलीत ऊन नडतं आणि साताऱ्यात उंची.

भाच्यानं पहिल्यांदा केलं ते कोणीही करेल तेच. विमानाच्या नाकाला पुढून मोठं भोक पाडलं. वारा आत जाईल, सगळं थंड होईल. झालं उलटंच. तापमान फारसं उतरलं नाही आणि विमान मात्र हवेत जड चालायला लागलं.

इथे आपल्या भागातल्या माणसाला एक गोष्ट पटकन कळेल. तुम्ही गुऱ्हाळ पाहिलंय. काहिलीखाली चुलवाण असतं. जाळ घालायचं तोंड कितीही मोठं ठेवा, मागचं धुराडं तुंबलं असेल तर जाळ धरत नाही, धूर पुढून तोंडावर येतो. हवा आत येते ती आतली हवा बाहेर जाते म्हणून. विमानाचंही तसंच आहे. पुढच्या भोकातून घुसलेल्या वाऱ्याला मागे वाट नसेल तर तो आतच दाटून बसतो. मग मागून येणारा वारा तोंडाशी थांबतो आणि बाजूनं निघून जातो. आतली हवा तीच, तापत राहणारी.

म्हणून जाणकार सांगतात की बाहेर जाणारं तोंड आत येणाऱ्या तोंडाच्या दीडपट ते दुप्पट असावं. गरम हवा फुगते म्हणून असं करायचं, असं पुष्कळदा ऐकायला मिळतं. पण वीस अंशांनी तापलेली हवा फुगते ती जेमतेम सहा-सात टक्के. खरं कारण अडथळ्याचं आहे. मोटर, सर्किट, तारा यांच्या फटींतून वाट काढताना वाऱ्याचा जोर संपतो. बाहेरचं तोंड ऐसपैस असलं आणि जिथे हवेचा दाब कमी आहे अशा जागी, पोटाखाली किंवा कुशीला असलं, तर बाहेरून वाहणारा वाराच आतल्या हवेला ओढून घेतो. त्या तोंडाच्या पुढच्या काठाला पन्हाळीसारखा छोटा ओठ काढला तर ओढ आणखी वाढते.

हीच गोष्ट मोठ्या मापात पाहायची असेल तर साताऱ्याहून चाळकेवाडीच्या पठारावर जा किंवा पाटणकडून वनकुसवड्याला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. आपल्याला त्यांची पाती दिसतात. पण पात्यांच्या मागे, खांबाच्या टोकावर जी पेटी असते, तिच्यात जनित्र आणि गिअर असतात, आणि तेही तापतात. ती पेटीही बहुधा काचतंतूंची, म्हणजे फायबर ग्लासचीच असते. तिलाही हवा घ्यायला आणि सोडायला वाटा ठेवाव्या लागतात. पातीसुद्धा काचतंतू आणि रेझिनचीच. भाचा माळ्यावर जी वस्तू करत होता, तिची ही थोरली भावंडं डोंगरावर केव्हाची फिरतायत.

आता हे फायबर ग्लास म्हणजे काय? इंग्रजीत या जातीच्या पदार्थाला कॉम्पोझिट म्हणतात. नाव नवं आहे, कल्पना आपल्या आजीच्या घरातली आहे. कुडाची भिंत आठवा. आत काटक्या, वरून शेणमातीचा लिंपा. नुसती काटकी वाकते, नुसती माती तडकते, दोन्ही मिळून भिंत उभी राहते. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे मोहरमचे ताबूत ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. शंभराहून अधिक फूट उंचीचे हे ताबूत कळक, सूत, कागद आणि माती यांचे असतात. हिंदू आणि मुसलमान दोघेही ते करतात. एवढी उंची आणि तरी माणसांच्या खांद्यावर निघतात. त्यांची एक रीत अशी, की आधी कळस आणि मग पाया. वरचा मजला आधी बांधायचा आणि खालून एकेक मजला जोडत जायचा.

भाच्यानं ही रीत आपल्या कामात घेतली. पुढच्या भोकापासून सुरुवात करायची सोडून त्यानं आधी मागचं, बाहेर जाण्याचं तोंड आखलं. त्यावरून पुढचं तोंड ठरवलं आणि मग दोन्हींना जोडणारी नळी. मुलं तिला डक्ट म्हणतात. पुढे काठ गोलसर, मग हळूहळू रुंदावत जाणारा घसा, मोटरीच्या आणि सर्किटच्या अंगावरून वारा नेईल असं वळण. घसा एकदम रुंद केला तर वारा भिंत सोडून आत भोवरे करतो, म्हणून बाजूचा उतार सहा-सात अंशांच्या आत ठेवायचा.

अशी नळी पत्र्याची केली तर पन्नासेक ग्रॅम भरते. सव्वा किलोच्या विमानात पन्नास ग्रॅम म्हणजे चेष्टा नव्हे. वजन वाढलं की ते तोलून धरायला मोटर जास्त वीज खेचते, जास्त वीज म्हणजे जास्त उष्णता. थंड करायला लावलेली वस्तूच तापवायला कारण होते. म्हणून काचेचं कापड आणि इपॉक्सी रेझिन.

कृती सांगतो. घट्ट दाण्याच्या थर्मोकोलचा, नळीच्या पोकळीच्या आकाराचा ठोकळा तासायचा. पॉलिश पेपरनं गुळगुळीत करायचा, त्यावर खाकी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावायची आणि वरून मेणाचं पॉलिश. इथे रेझिन इपॉक्सीच हवं. पॉलिस्टर रेझिन थर्मोकोल खाऊन टाकतं. काचेचं कापड चौरस मीटरला ४९ ग्रॅम वजनाचं, मलमलीसारखं झुळझुळीत. ते सरळ कापलं तर वळणावर चुण्या पडतात. शिंपी जसं उरेब कापतात तसं तिरकं, ४५ अंशांत कापलं की अंगासरशी बसतं. दोन थर, काठावर तिसरा.

रेझिन आणि हार्डनर सोनाराच्या काट्यावर तोलायचं. प्रमाण डब्यावर दिलेलं असतं, अंदाजपंचे चालत नाही. कालवलेलं रेझिन पेल्यात ठेवून गप्पा मारत बसलात तर ते स्वतःच्याच उष्णतेनं तापून गोठतं, म्हणून थोडंच कालवायचं आणि लगेच पसरायचं. हातात मोजे, खिडक्या उघड्या. सुकल्यावर घासताना तोंडावर मास्क हवा. काचेची धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसाला तर नकोच.

खरं कौशल्य पुढे आहे. कापड रेझिननं भिजून पारदर्शक झालं की हात आवरायचा. वर राहिलेलं रेझिन टिपकागदानं टिपून काढायचं. बळ कापडाच्या धाग्यांत असतं, रेझिन त्यांना फक्त जागच्या जागी धरून ठेवतं. कापडाच्या वजनाइतकंच रेझिन राहिलं तर काम उत्तम. भाच्याची पहिली नळी १५ ग्रॅमची झाली, चकचकीत आणि देखणी. आठ ग्रॅम नुसती चकाकी होती. मला यात नवल वाटलं नाही. कवितेत विशेषणं अशीच साचतात.

दुसरी नळी सात ग्रॅमची झाली. चोवीस तास सुकू दिली, आतला थर्मोकोल सुरीनं कोरून काढला. काही जण तो अॅसिटोननं किंवा पेट्रोलनं विरघळवतात, पण माळ्यावर लाकडाचा भुसा होता म्हणून त्यानं तो रस्ता टाळला. पुढे एक गोष्ट अशी, की घरच्या तापमानाला सुकलेलं इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांला मऊ पडायला लागतं. बंद गाडीत उन्हाळ्याच्या दुपारी तेवढं तापमान सहज होतं. म्हणून खोक्यात एक पिवळा बल्ब लावून, थर्मामीटर टांगून, रेझिनच्या कंपनीनं दिलेल्या पत्रकाप्रमाणे ती नळी हळूहळू काही तास शेकवायची. मग तिची सोसण्याची ताकद वाढते. कार्बनचं काळं कापड दिसायला झोकात असतं आणि मुलाला त्याचीच हौस होती. पण कार्बन रेडिओलहरी अडवतो. रिमोटचा संदेश घेणारी तार त्याच्या आड गेली तर विमान ऐकेनासं होतं. काच लहरींना अडवत नाही. शिवाय पांढरी नळी उन्हात कमी तापते.

नळी तयार झाली तेव्हा आजोबा म्हणाले, "आण इकडं." त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली नाही. कानाजवळ नेली. बोटाच्या पेरानं टिचक्या मारत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले. टक्, टक्, टक् आणि मध्येच एका ठिकाणी टप्. पुन्हा मारली, पुन्हा टप्. म्हणाले, "इथं सुटलंय." भाच्यानं उजेडासमोर धरून पाहिलं. वळणाच्या आत, जिथे दोन थर एकमेकांवर येतात, तिथे नखाएवढी हवा राहिली होती. वरून काही दिसत नव्हतं.

श्रोतेहो, मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यातल्या भीमेकाठच्या रानातून येतो. तो भिजवायचा, कापायचा, आतून काड्यांचा ताण देऊन आकाराला आणायचा. त्याची भिंत पातळ असते आणि तिला तारांचा ताण वर्षानुवर्षं पेलायचा असतो. कुठे जाड, कुठे पातळ, कुठे चीर, हे डोळ्याला कळत नाही. टिचकी मारून कानानं ओळखायचं. साठ वर्षं आजोबांनी तेच केलंय. आणि गंमत अशी, की मोठ्या विमानांच्या कॉम्पोझिट भागांत थर सुटलेत का हे तपासायला जगभर हीच पद्धत आजही वापरतात. नाण्यानं किंवा छोट्या हातोडीनं टकटक करायची आणि आवाज बोदा येतो का ते ऐकायचं. तिला टॅप टेस्ट म्हणतात. आजोबांना हे नातवानं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग त्या लोकांना सांग, आवाज बोटानं जास्त कळतो."

त्या जागी बारीक भोक पाडून रेझिन भरलं आणि पुढच्या रविवारी आम्ही साताऱ्याकडे निघालो. कासचं पठार सोडून. ते २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं ठिकाण, तिथे फुलांना त्रास नको. वस्तीपासून लांबच्या, मालकाची परवानगी घेतलेल्या एका माळावर गेलो. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानंही येतात, तेव्हा कुठे उडवता येतं हे आधी बघून घेतलेलं बरं. सोबत वाळूची बादली होती, बॅटरीसाठी.

बाहेरच्या तोंडाशी लोकरीचा एक धागा चिकटवला होता. विमान धरून मोटर सुरू केली तेव्हा धागा बाहेरच्या बाजूला ताठ झाला. वारा जातोय याची ती खूण. मग सहा मिनिटांचं उड्डाण, एकदा नळीशिवाय आणि एकदा नळी लावून, बॅटरी दोन्ही वेळा पूर्ण भरलेली. उतरल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरनं मोजलं. करोनाच्या दिवसांत घराघरांत आलेली कपाळावरची बंदूक इथे चालत नाही, तिला माणसाचा ताप तेवढा कळतो. कारखान्यातला लागतो. नळी नसताना मोटर ८४ अंश, सर्किट ७९, बॅटरी ५७. नळी लावल्यावर मोटर ६६, सर्किट ५८, बॅटरी ४७. हवा त्या सकाळी ३३ अंश होती. भाच्यानं आकडे वहीत लिहिले, पान फोटो काढून आजोबांना पाठवलं आणि मग वडिलांनाही.

मिरजेत सतार-तंबोऱ्याचा धंदा सुरू केला तो एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी. त्यांचं घराणं मूळचं शिकलगारांचं, शस्त्रांना धार लावणाऱ्यांचं. तलवारीचं काम कमी झालं तेव्हा तेच हात लाकडाकडे आणि भोपळ्याकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण मानांकनाचा कागद भिंतीवर लावून पुढच्या पोराचे हात कामाला लागत नाहीत. धार लावणाऱ्याच्या नातवानं सतार केली, आता सतारीवाल्याचा नातू काचेचं कापड घेऊन बसलाय. तो उद्या पवनचक्कीची पाती दुरुस्त करेल, शेतात फवारणी करणारे ड्रोन बांधेल की पुन्हा तंबोऱ्याकडे येईल, हे मला सांगता यायचं नाही. वडिलांची कुरबुरही पुरती थांबलेली नाही. एवढं मात्र झालंय, की माळ्यावर आता दोन खुर्च्या आहेत. संध्याकाळी आजोबा जिना चढून वर जातात आणि नव्या प्रत्येक भागाला आधी टिचकी मारतात.

तुम्ही विमान करा असं मी म्हणणार नाही. पण घरातला इन्व्हर्टर, फ्रिज, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स एकदा बघा. त्यांच्या मागच्या जाळीला आपण भिंत, पडदा, जुनी वर्तमानपत्रं टेकवून ठेवतो. पुढून पंखा लावून उपयोग नाही, मागची वाट मोकळी करा. मग बाहेर येणाऱ्या हवेवर हात धरा. ती गरम लागली तर घाबरू नका. आतली उष्णता बाहेर पडतेय, असा त्याचा अर्थ.